इंजिनाखाली कुणी नव्हतं

आमच्या जीपचं इंजिन धाडकन खाली आलं तेव्हा त्याच्याखाली एकही माणूस नव्हता, आणि याचं श्रेय मी आजही कुणाबरोबर वाटून घ्यायला तयार नाही. ते खाली आलं कशामुळे, हा वेगळा मुद्दा आहे. आमच्या घरचे मात्र तेवढाच मुद्दा धरून बसले आहेत.

जीप माझी होती. पेणला माझा पापडांचा धंदा. पोह्याचे, उडदाचे, तांदळाचे. माल भरून मी स्वतः गाडी चालवत नागोठणे, रोहा, अष्टमी अशी दुकानं करायची. बाई जीप चालवते हे तेव्हा नवलाचं होतं. नागोठण्याच्या नाक्यावर माणसं चहाचा कप हातात धरून बघत राहायची. (मी हॉर्न वाजवायची. तोही माझ्यासारखाच होता, एकदा सुरू झाला की लवकर थांबायचा नाही.) त्या वर्षी होळीनंतर गाडी इतका धूर टाकायला लागली की मी येतेय हे दुकानदारांना गाडी दिसायच्या आधी कळायचं. इंजिन उतरवून उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

माझे सासरे आण्णा. जन्मभर मिठागरावर मुकादम होते, आणि घरातही मुकादमच राहिले.

"भंगारात दे गो सूनबाय," ते म्हणाले. "भंगारवाला दोनदा येऊन बघून गेलाय."

"आणि माझे पापड?"

"यष्टीनं ने."

"एसटीनं नेले तर रोह्याला चुरा पोचतो."

"मग चुरा विक."

  शेवटी त्यांनी अट घातली. "गणपतीच्या आधी या गाडीतून मला रोह्याला न्हे नि गाडी परत आण. जमलं तर ठेव. नायतर भंगारवाला."

"ठरलं," मी म्हटलं. गाडी गेली तर धंदा गेला, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

इंजिन घरीच उतरवायचं मी ठरवलं. मागच्या दारी पत्र्याची पडवी होती. तिला मी गॅरेज म्हणायची, बाकीचे पडवी म्हणायचे. आण्णांचं मत होतं की आढ्याच्या वाशालाच दोर बांधावा. मी म्हटलं, वाशाला दोर बांधलात तर इंजिन जागेवर राहील आणि पडवी खाली येईल. मी दोन खांब उभे करून त्यावर लोखंडी गर्डर टाकून घेतला. मग नियम सांगितले. लोंबकळणाऱ्या इंजिनाखाली कुणीही हात, पाय, डोकं काही घालायचं नाही. चप्पल खाली राहिली तर ती गेली असं समजायचं. इंजिन वर आलं की जीप मागे ढकलायची, खाली जुने टायर रचायचे, तेही बांबूनं सरकवून. आणि आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून ठेवायचा.

"टॉवेल कशाला?"

"अडकतो."

"चाळीस वर्षं मिठाच्या गोणी उचलल्या, टॉवेल कधी अडकला नाय."

"गोणीला पंखा नसतो आण्णा."

आमचे हे नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातात. ते म्हणाले, "आमच्याकडे पण सेफ्टीवाला आहे. पण तो रविवारी गप्प असतो."

उचलण्यासाठी चेनपुली हवी होती. तिचा गुण असा की साखळी सोडली तरी वजन आहे तिथंच थांबतं. माझा भाऊ सुरेश अष्टमीला असतो, त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुली तो आणणार होता. ठरल्या रविवारी तो खांद्यावर काहीतरी जड घेऊन दारातून आला. तो फणस होता.

"पुली कुठाय?"

"ती कासूला गेलीय गो ताय. एकाला भाताच्या गिरणीचं इंजिन काढायचं होतं."

"आणि मला काय काढायचंय?"

"म्हणून तर फणस आणला," सुरेश म्हणाला. यात त्याला काहीतरी संगती दिसत होती.

शहाण्या बाईनं तिथंच थांबायला हवं होतं. पण आण्णा ओटीवरून म्हणाले, "ऱ्हावूंदे गो. उद्या भंगारवाला येईलच, तो काढील." झालं. मी पदर खोचला.

आण्णांनी मिठागरावरचा जाड दोर आणि कप्पी काढली. आता दोराचा स्वभाव मला माहीत होता. सोडला की सुटतो. म्हणून मी एक जास्तीची सोय केली. दोर गर्डरवरच्या कप्पीतून खाली आणून ओढायला माणसं लावली आणि त्यांच्यामागे दोराच्या शेपटाला अंगणातल्या माडाभोवती दोन वेढे दिले. वेढे असले की मोठं वजनही एका हाताला आवरतं. ओढणाऱ्यांचे हात निसटले तरी माडापाशी उभा असलेला माणूस इंजिन धरून ठेवू शकतो. त्या जागी डोकं थंड असलेलं, न दचकणारं, शिस्तीचं माणूस हवं होतं. म्हणून तिथं मी उभी राहिले.

दोरावर आण्णा, आमचे हे, सुरेश आणि शेजारच्या म्हात्रेकाकांच्या गणपतीच्या कारखान्यातले दोन कारागीर. मोठाल्या मूर्ती उचलायची सवय असलेली माणसं. इंजिन सरसर वर आलं. जीप मागे गेली, टायर खाली सरकले, कुणाची चप्पलही आडवी आली नाही. काळं, तेलकट धूड छातीच्या उंचीवर शांतपणे लोंबकळत होतं.

"बघा आण्णा," मी माडाजवळून म्हटलं. "याला पद्धत म्हणतात."

"उतरव आधी," आण्णा म्हणाले. "भाषण मागनं कर."

"हळूहळू सोडा. एक-एक वीत. माझ्याकडे लक्ष ठेवा."

सगळ्यांनी माझ्याकडे लक्ष ठेवलं. आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडून, म्हात्र्यांच्या कारखान्याच्या दारातून, आरोळी आली:

"गणपती बाप्पा!"

पेणच्या बाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. तुमच्याकडे गणपती वर्षातून एकदा येतो. आमच्याकडून तो वर्षभर जात असतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर ऐन उन्हाळ्यात निघतात. मूर्ती टेम्पोत चढली की कारखान्यात आरोळी होते, आणि ती ऐकू येईल तिथपर्यंतची माणसं उत्तर देतात. न्हावी वस्तरा बाजूला धरून देतो. यात विचार करायचा प्रश्नच येत नाही. लहानपणापासून तोंड आणि दोन्ही हात एकदमच जातात.

"मोरया!" आम्ही म्हणालो. आण्णांचे हात वर, ह्यांचे वर, दोन्ही कारागिरांचे तर सर्वांत वर.

तरीही काही बिघडलं नसतं. माडाला दोन वेढे होते. ते शेपूट माझ्या हातात होतं.

मी पेणचीच सून आहे.

दोर माडाची साल काढत सळसळत गेला. धाडकन आवाज झाला, सगळी आळी हादरली. टायरांवर आदळून इंजिन कलंडलं आणि आत राहिलेलं तेल पिचकारीसारखं उडालं. तेल आधी काढून टाकायला मी ह्यांना सांगितलं होतं.

"काढलं होतं की," हे हात वर असतानाच म्हणाले. "बहुतेक."

ते 'बहुतेक' अंगणातल्या चारही खाटांवर पडलं. खाटांवर नागोठण्याच्या दुकानाचे उडदाचे पापड वाळत होते.

 तेवढ्यात वरून आवाज आला, "ताय."

सुरेश अष्टमीचा. त्याच्या कानाला ही रोजची सवय नाही. आम्ही सगळ्यांनी दोर सोडला तेव्हा त्या एकट्यानं इमानदारीनं धरून ठेवला होता. त्यामुळे इंजिन जितकं खाली आलं तितका सुरेश वर गेला होता. टायरांवर इंजिन आणि गर्डरखाली सुरेश, असा तराजू झाला होता. त्यानं आणलेला फणस बरोबर त्याच्या पायाखाली होता.

"सोड," मी म्हटलं.

"फणसावर पडेन."

"काटे मऊ असतात," आण्णा म्हणाले. हे खोटं होतं, पण सुरेशचे हात दुखायला लागले होते.

तो उतरला. म्हणजे पडला. त्याला नीट उभं केलं तोच कुंपणावरून म्हात्रेकाकांचं डोकं वर आलं. चेहरा प्रसन्न होता. "वहिनी, तुमच्याकडनं मोरया झकास आलं हां. सोबत कायतरी वाजलं पण. पार्टी खूश झाली."

त्या संध्याकाळी आण्णांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला आणि विचारलं, "मग, बोलवू भंगारवाल्याला?"

"इंजिनाखाली कुणी होतं का?" मी विचारलं.

"नाय."

"कुणाचं बोट गेलं?"

"सुरेशचं बूड..."

"ते फणसानं. इंजिनानं काही केलं?"

"नाय."

"मग पद्धत बरोबर होती," मी म्हटलं आणि तेलकट पापड गोळा करायला उठले. आमचे हे काहीतरी बोलणार होते. मी एक पापड त्यांच्याकडे धरला. ते शिफ्टची तयारी करायला गेले.

नुकसान म्हणजे तेलाचं चेंबर चेपलं होतं, ते सुरेशनं उभ्यानं ठोकून सरळ केलं. (पुढचे आठ दिवस तो सगळंच उभ्यानं करत होता.) मग इंजिन उघडून धूर टाकणाऱ्या झिजलेल्या रिंगाही त्यानंच बदलल्या. कासूहून चेनपुली आली. तिनं उचलून इंजिन परत गाडीत चढवलं, आणि त्या वेळी म्हात्रेकाकांना आधी निरोप पाठवला की तासभर कुठलाही गणपती हलवू नका. गाडी सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी आण्णांना शेजारी बसवलं, माहेरचा गणपती त्यांच्या मांडीवर दिला आणि रोह्याला निघाले. नागोठणं गेलं, चढ गेले. आण्णा बोलत नव्हते, म्हणजे गाडी चांगली चालली होती. अष्टमीच्या पुलावर पुढे गणपतीचा टेम्पो, मागे आम्ही, सगळं गोगलगायीच्या चालीनं. टेम्पोतल्या माणसांनी मागे वळून आमच्या मांडीवरची मूर्ती पाहिली आणि आरोळी दिली.

आण्णांचे दोन्ही हात मूर्तीवर होते, त्यामुळे त्यांना फक्त तोंडानं मोरया म्हणता आलं. माझे हात मोकळे होते. म्हणजे स्टिअरिंगवर होते.

"सूनबाय," आण्णा अगदी हळू म्हणाले. "हात."

मी हात खाली घेतले. तेवढ्या वेळात जीप सुतासारखी सरळ गेली होती, ना डावीकडे, ना उजवीकडे. अशी दुरुस्ती पैसे मोजूनही होत नाही. हे मी आण्णांना पूल संपेपर्यंत समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, रोह्याला जाऊन आल्यावर अष्टमीत माझ्या भावाच्या घरी मूर्ती ठेवली, चहा घेतला आणि पेणला परत येताना एसटीनं आले.

अट मी पूर्ण केली, यावर माझ्याकडून वाद नाही. त्यांना न्यायचं होतं आणि गाडी परत आणायची होती. गाडी मी परत आणली. पेणच्या वेशीवर पुन्हा एक टेम्पो भेटला आणि पुन्हा आरोळी आली. मी खणखणीत मोरया म्हटलं. हात किती वर केले, ते बघायला या वेळी गाडीत कुणी नव्हतं.