जहाजं दिसली

"तुझे काका गेले रे. ये. आणि आज तरी लवकर नको, उशिरा नको, वेळेवर ये." काकूंचा फोन आला तेव्हा मी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मेथी निवडून घेत होतो. असा निरोप जगात फक्त मलाच मिळू शकतो, आणि त्याला कारण मधुकाकांचं नाटुकलं.

मधुकाका एडिसनमधले आमचे शेजारी, निवृत्त इंजिनिअर. १७७६च्या जुलैत इंग्रजांचं आरमार किनाऱ्याशी येऊन ठेपलेलं असताना न्यू जर्सीच्या लोकांनी राज्याची घटना लिहून काढली, या गोष्टीचं त्यांना विलक्षण वेड. "हरले असते तर फासावर गेले असते, आणि बसलेत कशावर वाद घालत, तर मताचा हक्क कुणाला!" मी म्हटलं, "मग आधी जिंकायचं, नंतर निवांत लिहायचं ना?" "गाढवा, जिंकल्यावर लिहिली की ती जिंकणाऱ्याची होते." इंग्लंडशी समेट झाला तर ही घटना रद्द, या शेवटच्या कलमावर तर ते फिदा. "आपल्यासारखेच रे. घरं घेतोय आणि म्हणतोय, पुढच्या वर्षी परत जायचं."

गेल्या जुलैत इथल्या मराठी मंडळानं यावरच्या काकांच्या नाटुकल्याला हो-ना करत जेवणाआधीची पंधरा मिनिटं दिली. काकांची किमो चालू होती, पुढचा जुलै कुणी पाहिलाय, म्हणून. घटना लिहिणाऱ्या सभेचे अध्यक्ष अर्थात काका. हातात लेखणी म्हणून मला माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सापडलेलं हंसाचं पीस. मी निरोप्या. अगदी शेवटी धावत यायचं आणि दोनच शब्द बोलायचे. विंगेत चोरून जिलबी खात होतो, टाळ्या ऐकल्या, घाबरलो आणि सुटलो... "जहाजं दिसली!" टाळ्या पडदा उघडल्याच्या होत्या. काका अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते.

काकांनी शांतपणे विचारलं, "नक्की पाहिलीस?"

"हो... म्हणजे, तशी लांब आहेत."

हशा पिकला. काकांनी पीस उगारलं. "मग बघता काय? वाद घाला, पण पळत पळत. लिहा!" त्यानंतर जे झालं ते कुठल्याच तालमीत नव्हतं. सगळे एकमेकांचे संवाद तोडत भांडायला लागले, पुढच्या रांगेतली पोरं उठून "लेट देम व्होट!" ओरडायला लागली. मसालेभात गार झाला, कुणी हललं नाही. नंतर काका धापा टाकत, घामानं निथळत म्हणाले, "तू चुकलास म्हणून खरं झालं रे. त्यांनाही जहाजं आधीच दिसली होती."

परवा काकूंनी खिडकीतल्या पेनस्टँडमधून ते पीस काढून माझ्या हातात दिलं. "या जुलैला अध्यक्ष तू. अध्यक्षाला एन्ट्री नसते, तो आधीपासूनच बसलेला असतो."

तालीम सुरू झालीय. नव्या निरोप्याला मी बाजूला घेऊन सांगितलंय, जरा लवकरच ये.