म्हातारीला कुठे ठेवायचं

भिंगरीविषयी मी लिहावं इतका मी त्याला ओळखत नव्हतो. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती आणि आमची बहुतेक ओळख त्या भिंतीवरूनच झाली. तो कधी विमानात बसला होता का, हेसुद्धा मी त्याला विचारलं नाही. मग त्या जुन्या विमानावर त्याचा एवढा जीव का होता, हे मी काय सांगणार? मला इतकंच ठाऊक आहे की या माणसाने जन्मभर बसच्या बॉड्या बांधल्या, हजारो माणसांसाठी बाकं ठोकली, आणि स्वतः मात्र एका जागी बसला नाही. पायाला भिंगरी, म्हणून नाव भिंगरी. त्याची बायको जेवायला वाढताना म्हणायची, "ताट हातात देते, फिरत फिरत खा."

ते विमान पूर्वी चौकात एका चौथऱ्यावर होतं. कुठल्याशा लढाईतलं, दोन माणसांचं, नाकावर पंखा असलेलं, पंखांना पत्र्याऐवजी कापड ताणलेलं. चौक रुंद करायचा निघाला तेव्हा क्रेनने ते उतरवलं आणि जागा मोठी म्हणून भिंगरीच्या घराला लागून असलेल्या कारखान्याच्या आवारात आणून ठेवलं. चार दिवसांसाठी. सरकारी चार दिवस ते, वर्षानुवर्षं चालले. भिंगरी त्याला ताडपत्री घालायचा, गंज खरवडायचा, कापडाला ठिगळं लावायचा. विमानाला तो 'ती' म्हणायचा. म्हातारी. सकाळी भिंतीवरून मी विचारायचो, "काय म्हणते म्हातारी?" तो म्हणायचा, "सांधे धरलेत."

त्याची खरीखुरी म्हातारी आई घरातच होती. पण तिला तो आई म्हणे आणि गल्ली आजी म्हणे, त्यामुळे कधी घोटाळा झाला नव्हता.

मग नगरपालिकेने कळवलं की महिनाअखेर विमान कोणाला द्यायचं ते ठरवा, नाहीतर भंगारात काढू. मागणारे दोघे होते. एक दूरच्या मोठ्या शहरातलं संग्रहालय. तिथे अशी विमानं दुरुस्त करणारे कारागीर होते. दुसरं आमचंच तंत्रविद्यालय. त्यांच्याकडे एक रिकामी शेड आणि भरपूर हौस. ठरवायला तिघांची कमिटी नेमली: नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब, भिंगरी, आणि मी. मी नोकरीत असताना त्या चौथऱ्याचा नकाशा काढला होता, एवढीच माझी लायकी. भिंगरी मला नकाशेच म्हणायचा.

इंजिनिअरसाहेबांनी संग्रहालयाला मत दिलं. मी म्हणालो, दोन्हीकडचं बरोबर वाटतं. त्यांनी माझं मत कोरं धरलं. सगळं येऊन पडलं भिंगरीवर.

त्याची झोप गेली. उजाडायच्या आत भिंतीवर टकटक.

"नकाशे, संग्रहालयालाच द्यावी ना?"

"हो, द्यावी."

"पण मग आपल्याला ती दिसायची नाही."

"तेही खरंच."

"तुम्ही माणूस आहात की लंबक?"

शेवटी एका दुपारी त्याने संग्रहालयाच्या बाईंना फोन लावला. फोनवरही तो एका जागी थांबेना. आवारातून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत यायचा, वळायचा, परत जायचा. माझ्या कानावर तुकडे पडत होते. "माझ्याच्याने आता होत नाही हो... छप्पर गळतं, सांधे अजून बिघडतील... तिकडे नीट बघतील, माणसं आहेत तुमची... होय, बायकोचंही तेच म्हणणं आहे... म्हातारीला एकदा घेऊन जा, म्हणजे मी सुटलो."

थोड्या वेळाने माझ्या दाराशी आजी उभी. नेसूचं चांगलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत औषधं आणि शाल. मी खुर्ची पुढे केली. ती बसली आणि म्हणाली, "तुम्हीपण कमिटीत आहात म्हणे."

"हो."

"माझ्यावर मतं टाकलीत ना? तुम्ही कुठल्या बाजूला टाकलंत?"

मला काही कळेना. मी खरं तेच सांगितलं, "मी दोन्हीकडचं बरोबर म्हणालो."

"वाटलंच," आजी म्हणाली. "घर म्हणू नका, आश्रम म्हणू नका. मधल्या मधे माझं भिजत घोंगडं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी समजवायला लागलो आणि माझी बोबडी वळली. विमान, पंख, कापड, काहीच धड क्रमाने येईना. तेवढ्यात भिंगरीच आईला शोधत आला.

"आई, इथे काय करतेस? आणि ही पिशवी कसली?"

"तूच म्हणालास ना, म्हातारीला घेऊन जा म्हणजे सुटलो."

तो उंबऱ्यावर बसला. चक्क बसला. "अगं, विमान," एवढंच म्हणाला.

 आजीने पिशवीतली शाल काढून तिची घडी पुन्हा नीट घातली. "विमान तर विमान. पण पिशवी भरताना माझ्या मनात एकच होतं, की हा निदान जागा बघून आला असेल. आलास?"

"फोटो बघितलेत."

"फोटो बघून माणसं लग्न करतात आणि मग जन्मभर बोंबलतात."

दुसऱ्या दिवशी त्याने मला बसमध्ये घातलं आणि आम्ही संग्रहालय बघायला गेलो. आतली विमानं अशी लखलखीत होती की मी चष्मा पुसून पुन्हा बघितली. भिंगरीही खूश झाला. पण पाय थांबत नाहीत ना. फिरत फिरत तो मागच्या दाराने बाहेर गेला. मागच्या पटांगणात ताडपत्र्या घातलेली विमानं ओळीने उभी होती. त्याने एका ताडपत्रीखाली हात घातला. हात ओला झाला.

संग्रहालयाच्या बाई भल्या होत्या, लपवलं काही नाही. म्हणाल्या, "नंबर लागला की आत घेतो. काम मात्र आमच्यासारखं कुठे होणार नाही."

"नंबर कधी लागेल?"

"ते मला सांगता येणार नाही."

परत येताना बस अर्धी रिकामी होती. तो सगळा रस्ता दांड्याला धरून उभा राहिला.

मग तंत्रविद्यालयाची शेड. त्याने छपराचा प्रत्येक पत्रा खालून काठीने ठोकून बघितला. शेड कोरडी ठणठणीत होती. तिथले शिक्षक म्हणाले, "पंखाला कापड चढवणं आम्हाला येत नाही. शिकावं लागेल. चुकेलही."

"चुकलं तर उसवायचं," भिंगरी म्हणाला.

कमिटीत इंजिनिअरसाहेब चिडले. "हे शिकता शिकता विमानाची वाट लावतील."

"लावतील," भिंगरी म्हणाला. "पण कोरड्यात लावतील."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी या वेळी भिंगरीच्या बाजूने हात वर केला. फार वर नाही, पण मोजता येईल इतका.

विमान गेलं, तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हतीच. आवारात तेलाचा काळा डाग उरला होता, त्याच्याभोवती तो चकरा मारायचा. रोज विद्यालयात जाऊन यायचा. एक पंख त्यांनी खरोखरच चुकवला, कापडाला सुरकुत्या पडल्या. त्या दिवशी भिंतीवर टकटक झाली. "नकाशे, चुकलं नाही ना आपलं?"

"नाही."

"खात्री?"

"खात्री नाही."

तो हसला. म्हणाला, "बरं झालं. खात्री आहे म्हणाला असतात तर घाबरलो असतो."

सुरकुतलेलं कापड उसवायचं ठरलं तेव्हा तो माझी शिडी मागायला आला. पुढच्याच आठवड्यात तो हृदयविकाराने गेला. आजी अजून आहे, आणि माझी शिडी तिकडे शेडमध्येच, त्या पंखाला टेकून. मागायला जावंसं वाटत नाही. त्या दिवशी शिडी खांद्यावर घेऊन तो फाटकापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "उद्या आणून देतो."

मी म्हणालो, "सावकाश आणा. मला कुठे चढायचंय?"