सांभरचा दर्या

जयपूरहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लांबच पडतो. तरी आमच्या जयपूरच्या सोडाला भागातल्या घरात सकाळचा पहिला चहा समुद्राच्या बातम्या बघत होतो, कारण माझी मुलगी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. हे लिहितेय तेव्हा ती सुट्टीवर घरी आलेली आहे आणि शेजारच्या खोलीत दुपारचे बारा वाजले तरी झोपलेली आहे. म्हणून तर मला हे लिहायला सुचतंय.

तिचं जहाज वरचेवर ज्या समुद्रातून जातं, त्यावर दोन देश हक्क सांगतात. देशांची नावं घेत नाही. घेतली की आमचे हे एकाची बाजू घेतात, मी मुद्दाम दुसऱ्याची घेते आणि ताटातल्या पोळ्या गार होतात. भांडण पाण्यावरून आहे आणि त्या पाण्यातून जेमतेम डोकं वर काढणाऱ्या खडकांवरून. एकाच्या युद्धनौका येतात, मग दुसऱ्याच्या येतात, एकमेकींना खेटून जातात, पाण्याचे फवारे मारतात, आणि त्यांच्या मधून व्यापारी जहाजं निमूटपणे आपली वाट काढतात. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे हक्क सांगणाऱ्यांचं मला काडीचं कौतुक उरलेलं नाही. आमच्या गल्लीतही दोन घरांमधल्या हातभर जागेवरून दोन्ही मालक असेच भांडतात, आणि स्कूटर बाहेर काढायला तिसऱ्याला वाट मिळत नाही.

मुलगी जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, पहाऱ्याला असली की रेडिओवर दोन्ही नौदलं तिला हटकतात.

"आई, दोघं सेम बोलतात," ती सांगते. "मतलब, तुम्ही आमच्या पाण्यात आहात, कुठून आले, कुठे चालले. मी दोघांना सेम उत्तर देते. मग दोघं पण शेवटी 'गुड वॉच' म्हणतात."

म्हणजे पहारा सुखाचा जावो! धमकी देऊन झाल्यावर शुभेच्छा. मला हसू येतं.

ही मुलगी समुद्रावर गेली ती माझ्या बाबांमुळे. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगत आले.

बाबा मालवणच्या बाजूचे. विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. तेव्हा आम्ही झोटवाड्यात भाड्याने राहत होतो. श्रावण लागला की मिठाईच्या सगळ्या दुकानांत घेवर मांडलेले असत, पोरी राख्या निवडत असत, आणि बाबा मात्र नारळ शोधत फिरत. इथे येणारे नारळ जुने, आतलं पाणी आटलेलं. बाबा एकेक नारळ कानाशी धरून हलवत, नाक मुरडत आणि खाली ठेवत. दुकानदार वैतागून म्हणे, "बाऊजी, नारियल है, सितार नहीं." बाबांना त्याचं काही वाटत नसे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण त्याच दुकानात माझ्या वर्गातल्या मुली यायच्या.

नारळ लागे, कारण राखीच्या दिवशीच नारळी पौर्णिमा असते. जयपूरच्या मराठी घरांतून त्या दिवशी नारळीभात होई आणि तेवढ्यावर भागे. सांगलीच्या, नागपूरच्या मंडळींना समुद्राशी काय देणंघेणं! बाबांचं मात्र नारळीभाताने भागत नसे. दर्याला नारळ दिल्याशिवाय ते घास घेत नसत. पहिल्या वर्षी त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं की जवळच सांभरला खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. एवढं ऐकल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. आई, मी, नारळ, हळद, कुंकू, पिशवीत डबा, अशी आमची वरात रेल्वेने फुलेऱ्याला आणि तिथून मिळेल त्या गाडीने सांभरला निघाली. बाबांनी पायांत नव्या चपला घातल्या होत्या.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. तलावाच्या जागी पांढरंफेक मीठ पसरलेलं होतं, नजर जाईल तिथपर्यंत. बाबा काठावर उभे राहिले. मग एका हातात चपला आणि दुसऱ्यात नारळ घेऊन त्या मिठावर चालायला लागले. वरचा पापुद्रा कडकन मोडायचा आणि खाली काळा, घाण वासाचा चिखल. पाय पोटरीपर्यंत रुतायचा. आई काठावरून ओरडत होती, "अहो, परत फिरा, खंय चाललात?" बाबा पाण्याच्या शोधात ठिपक्याएवढे होईपर्यंत गेले. परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत काळे झाले होते आणि हातात नारळ नव्हता.

"गावला काय पाणी?" आईने विचारलं.

"वंजळभर होता," बाबा म्हणाले. "पण खारट आसा मां? मगे झाला तर."

घरी येईपर्यंत आई हसत होती. सांभरात बुडवलेला नारळ ही आमच्या जयपुरातल्या मराठी मंडळींत कित्येक वर्षं सांगितली जाणारी गोष्ट झाली. गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "काय, यंदा दर्याला भरती आहे का?" बाबाही हसायचे आणि पुढच्या श्रावणात पुन्हा नारळ हलवायला लागायचे. चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव खरंच भरे. शाकंभरी देवीच्या डोंगराजवळून पाहिलं की आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नसे. कडेला गुलाबी रोहित पक्षी उभे असत. त्या वर्षांत बाबा परतीच्या गाडीत खिडकीतून मागेच बघत बसत. मला ते दिवस आता इतके हवेसे वाटतात की कधी कधी चुकल्यासारखी मी स्वयंपाकघरात उभी राहते आणि काय घ्यायला आले तेच विसरते.

बाबांच्या या वेडाचं कारण मला फार उशिरा आईकडून कळलं. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. एका मोसमात गेले ते आले नाहीत. बाबा वयात आले तेव्हा त्यांना बोटीवर नोकरी मिळत होती. बॅगसुद्धा भरली होती. त्यांच्या आईने उंबऱ्यात बसून एवढंच म्हटलं, "जाव नको." बाबा गेले नाहीत. कधीच गेले नाहीत. विम्याची नोकरी धरली, आणि बदलीसाठी गाव विचारलं तेव्हा मुद्दाम जयपूर सांगितलं. रोज समोर दिसणारा आणि आपला न होणारा समुद्र त्यांना बघवत नव्हता.

हे ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या लेकीला मी कधी अडवणार नाही.

आणि अडवलं नाही. ती लहान असताना बाबा तिला सांभरला नेत, तिच्या हातून नारळ पाण्यात सोडवत. मी घरी चिडचिड करायची, की पोरीला चिखलात नेता, तिला खोकला होतो. शाळेतून बारावी करून ती म्हणाली, मला जहाजावर जायचंय, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जा. बाबा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. पहिल्या जहाजावर ती चढली ते बघायला ते राहिले नाहीत. स्टेशनवर सगळे रडले, मी नाही. मी तिला म्हटलं, काम नीट कर, वेळेवर जेव. मला माझा फार अभिमान वाटला होता.

गेल्या वर्षी राखीच्या आधी त्या समुद्रातलं भांडण तापलं. दोन नौका एकमेकींवर आदळल्या, दोन्ही देश चूक दुसऱ्याचीच म्हणत होते, आणि टीव्हीवर कोट घातलेली माणसं नकाशावर बाण काढत होती. मुलीचं जहाज अलीकडच्या एका बंदरात थांबलं होतं. कंपनीने सगळ्यांना विचारलं, की पुढे यायचं नसेल त्याने इथे उतरावं, आम्ही घरी पाठवतो, नोकरीवर काही परिणाम होणार नाही. राखीच्या दुसऱ्या दिवशी जहाज निघणार होतं.

राखीच्या दिवशी सकाळीच मुलीने फोन केला. "आई, तू सांग, काय करू?"

तिने मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते." जणू ती साडीचा रंग विचारत होती!

तो दिवस नारळी पौर्णिमेचा. राखीला रोडवेजच्या बस बायकांना फुकट असतात, त्यामुळे सकाळपासून रस्त्यावर नटलेल्या बायका, मिठाईचे डबे आणि रडणारी पोरं. हे म्हणाले, "सांभरला जाऊन येऊ या का? तुला बरं वाटेल." मी त्यांच्यावर खेकसले. मला सांभर नको होतं, नारळ नको होता. मला बाबा समोर हवे होते, म्हणजे त्यांच्याशी कडाकडा भांडता आलं असतं. तुम्हीच नेलंत तिला, तुम्हीच तिच्या डोक्यात हे भरवलंत, आता सांगा! दिवसभर मी त्यांच्याशी मनात भांडत होते आणि दिवसभर ते मिठावरून लांब लांब चालत जात होते, चपला हातात घेऊन.

"जा" म्हणावं तर काही झालं तर? आणि "उतर" म्हणावं, तर उंबऱ्यात बसलेल्या त्या बाईत आणि माझ्यात फरक काय राहिला? दोन शब्दांनी एका माणसाला जन्मभर कोरड्या तलावात पाणी शोधायला लावलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. इतिहासाच्या वर्गात उभी राहून मी याचं उत्तर छान दिलं असतं.

संध्याकाळी मी फोन लावला. बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, की बेटा, निर्णय तुझा आहे, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. तिकडे मागे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. तिने "हां, आई" म्हटलं आणि माझं घोकलेलं सगळं गेलं.

"उतर," मी म्हटलं. "ऐकतेस का? उतर तिथे. घरी ये."

माझा आवाज फाटला होता, हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, संपलं, केलं मी तेच.

"आई," ती म्हणाली, "मी काल रात्रीच हो सांगून दिलं. मी जाते आहे. वापस नाही घेणार."

मला राग आला. खरंच आला. "मग मला विचारलंस कशाला? दिवसभर माझा जीव टांगणीला लावून?"

"इथे सगळ्यांच्या घरून फोन येऊन राहिले," ती म्हणाली. "सबको बोल रहे हैं, परत ये, परत ये. कुकची मम्मी तर रडून राहिली. मला कुणी 'परत ये' नाही म्हटलं. तू तर कधीच नाही म्हटलं ना, पहिल्या दिवशी पण नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजून एकदा म्हण ना," ती म्हणाली. "मी जाणारच आहे. पण म्हण."

मी म्हटलं, "घरी ये."