मोटारीसाठी मोहफुलं

पेट्रोल महागलं तेव्हा नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मोटारीसाठी स्पिरिट बनवून पाहत होते. ते कशापासून काढायचं, हे एक साहेब ठरवत. ज्वारीचं धांडं असो की सडकं संत्रं, आधी चावणार, मग डोळे मिटून बसणार. मी तिथे माल पुरवायचो; तोवर माझा हमाल पोती घेऊन उन्हात उभा!

माझी मोहफुलं ते दर उन्हाळ्यात नाकारत. एका वर्षी मी भडकलो. "साहेब, याच्याहून गोड काय आहे? काहून परत करून राहिले?"

फूल चघळत ते म्हणाले, "जंगलातले लोक हे खातात गा. मोटारीले काहून चारू?"

भाव कमी करतो म्हणणार, तोच आठवलं. लहानपणी आई आम्हाला हीच फुलं उकडून वाढायची. पोती पुन्हा गाडीत चढवताना मी हमालावर उगाच खेकसलो.