मायाप्पाच्या गाडीची अडीच बोटं

टेंभुर्णीचा बाजार वस्तीपासून किती किलोमीटर, असं मायाप्पाला विचारलं तर त्याला धड सांगता यायचं नाही. वाटेत दगड किती, ते मात्र तो झोपेतही सांगेल. सहा. आता माणसानं दगड कशाला मोजावेत, असं तुम्ही म्हणाल, तर त्याला कारण आहे.

मायाप्पाची उंची पाच फुटाला चार बोटं कमी. सगळी हयात मेंढरांमागं गेली, तेव्हा ती कधी आड आली नाही, कारण मेंढरू त्याच्याहून बुटकं. पण थोरला लेक अजिनाथ नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना आपली मोटारसायकल बापाच्या हवाली करून गेला. तेव्हा कुठं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मायाप्पाला पत्ता लागला की आपण बुटके आहोत!

गाडी पळायला लागली की मायाप्पा वाघ. अडचण थांबायची. थांबलं की पाय टेकावा लागतो, आणि ह्याचा पाय राही अधांतरी. मग त्यानं तोड काढली. डाव्या अंगाला काही उंचवटा असेल तिथंच थांबायचं. डेअरीचा कट्टा, दवाखान्याची पायरी, बी-बियाणाच्या दुकानापुढचा पिवळा दगड. चहा कुणाकडं प्यायचा हे चहाच्या चवीवर नाही, टपरीपुढच्या दगडावर ठरायचं. बिरोबाच्या ओट्याशी तो जाता-येता थांबायचा, तर लोक म्हणायला लागले, उतारवयात मायाप्पा लई देवभोळा झाला. खरं काय ते एका बिरोबाला ठाऊक, पण देव कशाला बोलतोय!

तर एका बाजारच्या दिवशी मायाप्पा केराबाईला मागं बसवून निघाला. केराबाई म्हणजे त्याची बायको. त्याच्याहून वीतभर उंच आणि अंगानंही चांगली भरलेली. पिवळा दगड आला, मायाप्पानं सवयीनं न बघताच डावा पाय लांब केला. आता गटाराच्या कामासाठी तो दगड कालच उचलून नेलेला, हे त्याला कोण सांगणार? पाय गेला खाली, खाली, आणि पाठोपाठ गाडी, मायाप्पा आणि केराबाई. मायाप्पा मातीत पडला. केराबाई पडली कोथिंबिरीच्या ढिगात.

"आगं बाई," कोथिंबीरवाली म्हणाली, "जुडी हवी हुती तर मागायची की!"

केराबाई उठली. पदरावरची कोथिंबीर झटकली आणि चालत वस्तीच्या वाटेला लागली. मायाप्पा मागनं पहिल्या गेरात. "केरे, आगं थांब की! केरे!" शेवटी ती खरंच थांबली, तर ह्याला थांबता येईना! त्या जागी दगड नव्हता. तो तसाच हाका मारत पुढं निघून गेला, आणि नवऱ्याची ती पाठ बघून केराबाईनं बोलून टाकलं, "इतकी वर्सं मेंढरांमागं रान तुडवलं, कदी पडले न्हाय. हितनं फुडं ह्या गाडीवर बसायची न्हाय."

एवढ्यावर भागलं असतं. पण महिन्यानं माळशिरसला लेकीच्या, सोनालीच्या, मुलाचं जावळ होतं. मायाप्पानं व्याह्यांना आधीच सांगून ठेवलेलं, "आमी दोगं आपल्या गाडीवर येणार." केराबाई म्हणाली, मी धनाजीच्या जीपमधनं जाते. धनाजी हा मायाप्पाचा पुतण्या, जिभेला हाड नसलेला.

"तात्या, तुमी व्हा फुडं," तो म्हणाला. "कुटं थांबायचं झालं तर फोन करा, जीपमधनं दगड घिऊन येतो."

हे मायाप्पाला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी मिळालेली, आणि व्याह्यांच्या दारात आपण एकटे उतरायचं, बायको मागनं जीपमध्ये पोतडीसारखी येणार? त्यानं कुणाकुणाला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर गाठलं.

शुक्रवार पेठेच्या एका बोळात चन्नवीर गाड्यांच्या गाद्या शिवतो. मायाप्पा दुकानाच्या पायरीला टेकला आणि आपलं दुखणं सांगितलं. चन्नवीरनं टेप काढली नाही. त्यानं जुन्या पेपरची दोन पानं घेतली, गाडी भर रस्त्यात उभी करून मायाप्पाला वर बसवलं आणि दोन्ही पायांखाली एकेक पान सरकवलं.

"हं मामा, टेका पाय."

त्यानं पानं ओढली. दोन्ही सुळकन बाहेर.

"सरी, बरोबर," चन्नवीर कानडी मिसळून म्हणाला. "कागद निघाला म्हणजे पाय टेकलाच नाही. आपल्याकडं हेच माप."

त्यानं गादीचं रेक्झिन उसवलं आणि लांब सुरीनं फोम कापायला घेतला. वरून थोडा, पण पुढच्या दोन कडांनी जास्त. "लोकांना वाटतं उंची गादीच्या जाडीत असते. ती रुंदीत पण असते, मामा. मांड्या फाकल्या की पाय आखूड होतात." वरची अडीच बोटं काढून त्यानं सुरी ठेवली. "आता ह्याच्या खाली गेलो तर पत्रा टोचंल. मग मला शिव्या घालाल."

पुन्हा पानं ठेवली, ओढली. अर्धी निघाली, अर्धी चवड्याखाली फाटून राहिली. "फाटला म्हणजे पास!" चन्नवीर म्हणाला. मायाप्पानं ते फाटके तुकडे दाखल्यासारखे घडी करून खिशात घातले.

घरी केराबाईनं तुकडे बघितले, गादी चाचपली आणि घरात जाऊन घोंगडी घेऊन आली. चौपदरी केली आणि पुढून मागपर्यंत गादीवर अंथरली.

"ह्ये काय करतीस?"

"नवी गादी हाय. आन् रेक्झिन तापतंय. मी बसायची आसंल तर घोंगडीवरच बसणार."

मायाप्पा घोंगडीवर चढला. केराबाईनं पायाखाली कागद घातला. ओढायचीही गरज पडली नाही, वाऱ्यानंच उडाला.

"गेला की वो!"

"घोंगडी काढ की मग!"

"काडू? माज्या हातच्या सुताची हाय."

चन्नवीरनं कापलेली अडीच बोटं केराबाईनं घडी घालून परत वर ठेवलेली. मायाप्पानं त्याला फोन लावला. पलीकडं तो हसून हसून बेजार.

"अय्यो मामा! मी काढलं ते अक्कांनी परत घातलं की! दोघं या. घोंगडी पण आणा."

दोघं गेली. केराबाई एसटीनं, मायाप्पा एकटा गाडीवर. एसटी जिथं थांबे तिथं केराबाई खिडकीतून बघे, तर हा कुठल्यातरी कट्ट्याला पाय लावून उभा, आणि तिच्याकडं बघून हात हलवतोय. तिनं तोंड फिरवलं, पण मोहोळला फिरवलेलं तोंड हसत होतं.

चन्नवीरनं पुढची गादी मोकळी ठेवली आणि घोंगडी फक्त मागच्या जागेवर दोन पट्ट्यांनी आवळली. कागद चवड्याखाली राहिला. पण केराबाई वाकून बघत होती. तिनं दुसरा कागद टाचेखाली घातला आणि ओढून काढला.

"चवड्यावर काय हुतंय? टाच टेकाया पायजे."

मायाप्पाचा चेहरा पडला. जावळाला चार दिवस राहिलेले. चन्नवीर डोकं खाजवत गाडीभोवती फिरला, मागच्या शॉकअपशी वाकला आणि पान्यानं त्यांचं सेटिंग एक घर ढिलं केलं. "अक्का, आता तुम्ही बसा."

"मी? पडले म्हंजी?"

"मी धरलंय. आणि हितं कोथिंबीर नाही."

म्हणजे मायाप्पानं सगळं सांगितलेलं! केराबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की चन्नवीर दोन पावलं मागं सरला. पण ती बसली, डोळे मिटून, त्याच्या खांद्यात बोटं रुतवून. शॉकअप कुरकुरले आणि गाडी सावकाश खाली बसली. चन्नवीरनं टाचेखालचा कागद ओढला. निघाला नाही. जोरानं ओढला. त्याच्या हातात चिमूटभर चिठोरं आलं, बाकीचा टाचेखाली.

"चूक माझी," चन्नवीर म्हणाला. "पंधरा वर्षं हेच काम करतोय, आणि माप एकट्या मामाचं घेतलं!"

केराबाईनं डोळे उघडले, खाली बघितलं आणि स्वतः कागद ओढून खात्री केली. मगच म्हणाली, "चला."

जावळाला धनाजीची जीप दहाला पोचली, ही दोघं साडेअकराला. वाटेत मायाप्पा जिथं दगड नाही तिथं मुद्दाम थांबायचा.

"आता काय झालं?"

"काय न्हाय. टेकल्यात."

"मगाशी टेकलं हुतं न्हवं? चला की आता! न्हावी खोळंबलाय तिकडं!"

ही झाली जावळाची गोष्ट. हल्ली निराळंच चाललंय. सकाळी मायाप्पा दुधाची किटली हँडलला अडकवतो आणि हाक मारतो, "केरे, चल डेअरीला."

"दूध घालाया मी कशाला?"

"तुज्याबिगर गाडी खाली बसत न्हाय."

केराबाई बडबड करते, पण येते. येताना रात्री पट्ट्यांतून काढून ठेवलेली घोंगडी घडी घालून आणते.