काकांनी सरकवलेल्या फुल्या

बाबांच्या अन्ननलिकेतल्या गाठीला किरणांचा शेक किती द्यायचा, हे आमच्या घरात डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर हात आखडता घेतायत, यावर एकमत होतं. डभोईचे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्याकडे राहायलाच आले होते. किरणं ‘ग्रे’मध्ये मोजतात आणि कुठेतरी याहून जास्त ग्रे देतात, असं ते फोनवर वाचून आले होते.

“थोडो वधारे आपो ने, साहेब,” काका म्हणाले. “माणूस दणकट आहे, झेलेल.”

डॉक्टर गुजराती, पण बडोद्यात जन्म गेल्यामुळे मराठीत मुरलेले. “काका, सोबत केमो चालू आहे. दोन्ही मिळून पुरतं. वाढवलं म्हणून गाठ जास्त हटत नाही, शेजारच्या हृदयाला आणि फुफ्फुसाला मात्र त्रास होतो. किती द्यायचं ते ठरलंय, ते नेमकं कुठे पडतं ते बघू या.”

काकांनी मान डोलावली. काका मान डोलावतात तेव्हा त्यांना काडीचंही पटलेलं नसतं.

ते ‘कुठे’ कळावं म्हणून बाबांच्या छातीवर आणि दोन्ही कुशींना मार्करने जांभळ्या फुल्या काढल्या होत्या. रोज किरणांच्या सेंटरमध्ये त्यांच्यावर मशीनच्या लाल रेघा जुळवायच्या, मगच शेक. फुल्या पुसू द्यायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद होती. बाबांना तेव्हा मुगाचं पाणीही घोट घोट करून उतरत होतं. उद्या तेही अडकलं तर काय, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

त्यात नरकचतुर्दशी आली. आईने पहाटे बाबांना पाटावर बसवलं, तेल चोपडलं आणि उटणं लावून खसाखसा चोळलं. मी उठून पाहते तर बाबांची छाती नवऱ्या मुलासारखी लख्ख.

“आई, हे काय केलंस?”

“आज सूर्योदयाआधी न्हालं नाही तर नरकात जातात, ठाऊक नाही का तुला?” आई म्हणाली, आणि मग फुल्या आठवून बाबांच्या छातीवर त्या शोधू लागली.

हरणी भागातल्या आमच्या सोसायटीतले गुजराती शेजारी काळी चौदस म्हणून घरातला ककळाट, म्हणजे भांडणतंटा, घालवायला चौकात वडे ठेवून येतात. आमच्याकडे तो सकाळीच मुक्कामाला आला होता.

“सेंटरला फोन नको करू,” काका म्हणाले. “आजचा शेक बुडेल. मी आहे ना!” काकांनी रेल्वेत जन्मभर नकाशे काढले होते. मी अंघोळ करून येईपर्यंत त्यांनी पट्टी लावून फुल्या काढूनही टाकल्या. रेखीव होत्या, पण चांगल्याच मोठ्या. सेंटरमध्ये पोचल्यावर सगळं सांगायचं, असं मी ठरवलं.

सांगायची वेळच आली नाही. मशीनवरच्या मुलीने बाबांचा शर्ट काढला आणि ओरडली, “आ कोणे कर्युं?”

डॉक्टर धावत आले. टेबलावर आडवे पडलेले बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मीच.” स्वतःच्या दोन्ही कुशींना, पट्टी लावून. डॉक्टरांनी काकांच्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं.

“घास जिथे अडकतो म्हणतो दादा, तिकडे जरा सरकवल्या,” काका म्हणाले. “आणि मोठ्या केल्या, म्हणजे थोडं जास्त बसेल.”

“फुली मोठी केली म्हणून मशीन जास्त देत नाही, काका. फुली सरकली तर शेक सरकतो.” डॉक्टरांनी पडद्यावर बाबांचा स्कॅन उघडला, गाठीवर बोट ठेवलं आणि काकांनी फुल्या सरकवल्या होत्या तेवढं ते बाजूला नेलं. बोट हृदयावर थांबलं.

मी काकांना झापायला तोंड उघडलं. पण ते सगळ्यांसमोर रडत होते. “एकच भाऊ आहे हो मला. कमी पडू नये, एवढंच.”

पुन्हा स्कॅन करून नव्या फुल्या काढण्यात तो दिवस गेला आणि शेक बुडालाच. परतताना रिक्षात बाबाच म्हणाले, “पंगतीत याला वाढायला का देत नव्हते, ते डॉक्टरला कळलं आता.”

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “दादा, तू राहशील ना आमच्यात?”

हे आमच्यापैकी कोणीच बाबांना विचारलं नव्हतं.

“बघू,” बाबा म्हणाले. “उद्याही तूच चल माझ्याबरोबर. ही फार ओरडते.”