मास्तरांनी आत घेतलेल्या शिवणी

मापात चुकतील ते टेलरमास्तर कसले! रस्त्यानं जाणाऱ्याची कंबर नुसत्या नजरेनं सांगायचे. मग स्वतःची बायको वाळत चाललीय हे त्यांना दिसणार नाही होय? बाई जेवायची दोघांचं, अंगाला लागत नव्हतं कणभर. भर थंडीत पंखा लावायची. काजं करायला बसली की हात असे थरथरायचे की सुईत दोरा जाईना, आणि मग साध्या बोलण्यावरही अंगावर धावून यायची.

मास्तर घाबरले. त्यांची थोरली बहीण अशीच झिजत झिजत गेली होती. बायकोला कळलं तर ती धास्तीनंच हाय खाईल, असं या शहाण्या माणसानं परस्पर ठरवून टाकलं. मग करायचं काय? ती आंघोळीला गेली की तिचे कपडे मशीनवर घ्यायचे आणि बाजू जराशा आत मारायच्या. पुन्हा सैल झाले की पुन्हा. टाका कुठे दिसेल तर शपथ.

एकदा जिना चढताना तिची छाती इतकी धडधडली की ती पायरीवरच बसली. तेव्हा कुठे दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"वजन उतरलंय का?" बाईंनी काट्यावर उभं करत विचारलं. आकडा दिसला, पण आधीचा कुणाला ठाऊक?

"छे हो! कपडे अजून तस्से बसतात. नुसती धडधड, झोप नाही. मनच थाऱ्यावर नाही माझं."

बाईंनी झोपेची गोळी लिहायला पेन उचललं. मास्तर पेचात पडले. बोलावं तर पितळ उघडं, गप्प राहावं तर बायको हातची जायची.

"कपडे मी आत घेतलेत," ते कसेबसे म्हणाले. "चांगली चार बोटं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. गळा चाचपला, नाडी पाहिली, पुढे धरलेल्या तिच्या हातांवर कागद ठेवला. तो फडफडायला लागला.

"गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी फार जोरात चाललेली दिसतेय. रक्त तपासल्यावर नक्की कळेल. यावर औषध आहे, पण अंगावर काढलंत तर हृदयावर येतं."

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

"अहो, मला वाटायचं मला वेड लागतंय," ती म्हणाली. "रोज ठरवायचे, डॉक्टरकडे जाऊ. मग कपडे घालायचे, ते नीट बसायचे, आणि स्वतःलाच म्हणायचे, काही नाही झालं तुला, उगाच सोंगं करतेस."

"मी घाबरलो गं. तूही माझ्या बहिणीसारखी जाशील असं वाटलं," मास्तर म्हणाले.

"यापुढे घाबरायचं असेल तर मला सांगून घाबरा," असं म्हणून ती रक्त द्यायला उठली.